चौकोनाच्या मधोमध उभं राहायचं

कुणाच्याही वावरात मी मोबाइल समोर धरून उभी दिसले की पहिला प्रश्न ठरलेला, "ओ मावशी, हितून रस्ता चालला काय?" दुसरा जरा आवाज चढवून, "कुणाला इचारून फोटू काढून राहिल्या?" आणि मी घाम पुसत बांधावर टेकले की तिसरा, "पाणी पेता का?" इतकी वर्षं झाली, प्रश्न तेच आणि क्रमही तोच. रस्त्यापासून पाण्यापर्यंत यायला माणसाला किती वेळ लागतो, त्यावरून मला गाव कळतं.

माझं काम काय, हे माझ्या सख्ख्या भावाला अजून उमगलेलं नाही. वसमतच्या स्टँडवर कुणी ओळखीचं भेटलं की तो सांगतो, "आमची शेवंताआक्का सॅटेलाइटमधी हाय." समोरचा माणूस माझ्याकडं बघतो. साडीला कुसळं चिकटलेली, चपलेला चिखल, हातात डबा. मग तो वर आभाळाकडं बघतो.

आता गुडघे चिखलातून निघेनात म्हणून मी हे काम सोडलं. तेव्हा एकदाचं सांगून टाकते. शिक्षण माझं सातवी. त्यापुढचं जे काही आहे ते विचारून विचारून आणि बटणं दाबून दाबून आलेलं आहे. त्यामुळं शिकलेल्या वाचकांना एखादी गोष्ट अर्धवट वाटली तर त्यांनी तीत आपल्या पदरचं घालून ती वाचावी.

तर वरून उपग्रह जातो. त्याला वावर कळत नाही, मालक कळत नाही, पीक तर मुळीच कळत नाही. त्याला रंग कळतात, आणि ते रंग आठवड्या-पंधरवड्यानं कसे पालटतात ते कळतं. ते सगळे रंग जातात पुण्यातल्या एका संस्थेत. तिथं एक मॉडेल आहे. मॉडेल म्हटल्यावर मला आधी शाळेच्या प्रदर्शनातला थर्माकोलचा डोंगर आठवला होता. हे तसं नव्हे. हे कॉम्प्युटरमधलं अंदाज करणारं डोकं. त्याला आपण लेकरासारखं शिकवायचं, बाळा, ही जागा बघ, इथं कापूस आहे. ही बघ, इथं सोयाबीन. असं पुष्कळदा दाखवलं की जिथं कुणी पाऊलही ठेवलेलं नाही तिथलं पीकसुद्धा ते रंगावरून ओळखायला लागतं. निदान ओळखलं असं म्हणतं तरी.

दाखवायचं काम आमचं. आसपासच्या गावांतल्या आम्ही चार-पाच बाया होतो.

आता एवढ्या मोठ्या मुलखाचे अंदाज ठेवायचे कसे? गावाप्रमाणे ठेवावेत तर दोन गावांचं शिवेवरून भांडण. नदीप्रमाणे ठेवावेत तर नदी सरकते. म्हणून सगळ्या पृथ्वीवर चौकोन आखलेत. ठिपक्यांची रांगोळी काढायला बाया कागदाला उदबत्तीनं भोकं पाडून ठेवतात ना, तसं समजा. कागद ठेवायचा, रांगोळी फिरवायची, ठिपके आपोआप सारख्या अंतरावर पडतात. सगळ्या आळीनं एकच कागद वापरला तर माझ्या दारातली रांगोळी तुमच्या दारातल्या रांगोळीला बराबर जोडता येते. जिनं तिनं आपापला कागद आणला की झालं, एकीचे ठिपके दाट, दुसरीचे विरळ, रेघ जुळतच नाही. हे चौकोन म्हणजे सगळ्यांनी कबूल केलेला एकच कागद. पावसावाल्याचा अंदाज, मातीवाल्याचा अंदाज, पीकवाल्याचा अंदाज, सगळे त्याच चौकोनांत बसवायचे. मग एकावर एक ठेवून बघता येतात.

मोठ्या चौकोनाच्या पोटात लहान चौकोन, त्याच्या पोटात अजून लहान. अगदी लहानातला लहान आपल्या अंगणाएवढा. प्रत्येकाला पत्ता. आणि सगळा देश काही त्या डोक्यात एकदम मावत नाही, म्हणून एकेक मोठा चौकोन घेऊन शिकवायचं, अंदाज करायचा, आणि मग ते शेजारी शेजारी मांडायचे. मला ह्या प्रकाराचं फार अप्रूप वाटायचं. चौकोनाला जात नाही, सरपंच नाही, वशिला नाही. म्हातारी मेली, वाटण्या झाल्या, तरी चौकोन तिथंच.

अंदाज झाले की ते खरे का खोटे ते बघायलाही आम्हीच. मोबाइलवर चौकोन दिसायचा, आत मधोमध ठिपका. ठिपक्यावर जाऊन उभं राहायचं, फोटो काढायचा, जे दिसतं ते नोंदवायचं. ह्यात गमती फार. वारंगा फाट्याला मॉडेलनं एका जागी तळं सांगितलं होतं. मी गेले तर ढाबा. मालकाला म्हटलं, "दादा, तुमच्याकडं तळं हाय का?" तो भजी तळत होता. म्हणाला, "तळं? मावशी, आमी प्यायला टँकर आणून राहिलो. तळं कुठं हाय ते तुमीच दाखवा, उपकार होतील." मी मागं गेले. पार्किंगवर निळी ताडपत्री ताणलेली, ही एवढी. वरून बघणाऱ्याला ती तळ्यासारखी दिसली. मालकानं मग येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला सांगितलं, गाडी तळ्यात लावा म्हणून.

दुसऱ्या एका जागी दाट झाडी सांगितली होती. तिथं निघालं एका आजीचं घर. पत्र्यावर भोपळ्याचा वेल असा चढवलेला की पत्रा दिसू नये. आजीला सांगितलं तर ती हरखली. "म्हंजे सरकारच्या हिशेबी मी झाडावर राहते व्हय? राहू दे बाई, दुरुस्त करू नको. कुणी शोधत यायचं न्हाई." दुरुस्त तर केलंच मी. पण तिच्या भोपळ्याचा घारगा खाऊन केलं.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

माझ्याबरोबर काम करणारी सुलोचना. कुरुंद्याच्या बाजूला तिचं गाव, घरची थोडी शेती, त्यात हळद. तोंडानं तिखट, मनानं तशी नाही. तिच्या गावातल्या पुष्कळ बायांची अशीच थोडी थोडी हळद. हळद काढल्यावर शिजवावी लागते, मगच ती वाळते, विकायला जाते. मोठ्या शेतकऱ्यांकडं वाफेचे कुकर येतात, ट्रॅक्टरमागं जोडून. पण दोन-चार पोत्यांसाठी कुणी ट्रॅक्टर वळवत नाही. मग ह्या बाया जुन्या कढईत शिजवतात. खाली जाळ, वर पोती झाकलेली, आणि शिजली की वाफाळती हळद पाटीनं उपसायची. मागच्या हंगामात कढईतलं पाणी सुलोचनाच्या सुनेच्या पायावर आलं. पोरगी वाचली, पण दोन महिने खाटेवर होती. तेव्हापासून सुलोचनाचं एकच, "आता माझ्या घरची बाई कढईवर उभी राहणार न्हाई."

तर एका संस्थेनं ठरवलं, थोडी हळद असलेल्या बायांसाठी एक कुकर द्यायचा. कोणत्या गावाला? गाव म्हटलं की पुढारी आलेच. म्हणून त्यांनी चांगला विचार केला, गाव बघायचंच नाही, नकाशातला चौकोन बघायचा. ज्या चौकोनात हळद जास्त, कुकर तिथं. सुलोचनानं ऐकलं आणि पेढे वाटायचेच बाकी ठेवले. हळदीत तिच्या शिवाराशी कोण बरोबरी करणार?

नकाशा घेऊन अनघा मॅडम आल्या. ह्या पुण्याच्या, मॉडेल त्यांच्याकडं. सुलोचनाच्या ओसरीवर लॅपटॉप उघडला. हळदीला पिवळा रंग दिला होता. सुलोचना वाकून बघू लागली. तिचा चौकोन जवळजवळ कोरा. आणि शेजारचं ओढ्याकाठचं गाव, जिथं ऊस आणि कापूस, ते मात्र ओढ्याच्या दोन्ही बाजूंनी पिवळंधमक.

"मॅडम," सुलोचना म्हणाली, "आमच्या शिवारात हळद न्हाई म्हंता. मग मी जूनपासून निंदून काय राहिले, गवत?"

मॅडम रागावल्या नाहीत. उलट त्यांचे डोळे लुकलुकले. ह्या बाईला चूक सापडली की मिठाई मिळाल्यासारखं व्हायचं. "थांबा, अजून एक गंमत दाखवते," म्हणाल्या. त्यांनी नकाशा सरकवला. सुलोचनाच्या गावाच्या पलीकडं एक रेघ होती. सुरीनं कापल्यासारखी सरळ. रेघेच्या तिकडं पिवळी वावरं, इकडं कोरी. "निसर्गात इतकी सरळ रेघ नसते मावशी. इथं एक मोठा चौकोन संपतो, दुसरा सुरू होतो. ही रेघ आपली आहे."

आम्ही तिघी रेघ बघायला निघालो. मला तर जत्रेला निघाल्यासारखं झालं होतं. मोबाइल बघत बघत पोचलो, तर रेघ बरोबर देवरावकाकांच्या हळदीतून जात होती. देवरावकाका म्हणजे सत्तरीचा माणूस, हळदीवर लेकरासारखा जीव. बांधावरून बघितलं तर वावरात रेघ कुठं? एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखी हिरवी, खांद्याएवढी हळद.

"काका, ही तिकडची आणि इकडची एकाच दिवशी लावली का?" मॅडमनी विचारलं.

"एकाच दिवशी, एकाच बेण्याची, अन् पाणीबी एकाच मोटारीचं," काका म्हणाले. "काहून? भांडून राहिल्या काय त्या दोघी?"

मॅडम हसल्या. मग मोबाइलवरची रेघ पुन्हा बघून म्हणाल्या, "पीक तेच. रंग तोच. म्हणजे फरक शिकवण्यात आहे. तिकडच्या चौकोनाला दुसऱ्या जिल्ह्यातल्या मुलांनी शिकवलंय. इकडच्याला कोणी?"

"आमी," मी आणि सुलोचना एकदम म्हणालो.

"मग जसं शिकवलं तसं मला करून दाखवा. हळद नोंदवायची आहे, समजा."

मी मोबाइल काढला, हळदीसमोर धरला, फोटो काढला. हळद कशी झकास आली फोटोत. बटण दाबलं. झालं.

"आता कापूस नोंदवा." शेजारीच होता. मी पदर खोचला, कापसात शिरले, मधोमध ठिपक्यावर जाऊन बटण दाबलं.

परत आले तर मॅडम माझ्या पायांकडं बघत होत्या. "मावशी, कापसात आत गेलात. हळदीत का नाही गेलात?"

आम्ही दोघी एकमेकींकडं बघायला लागलो. सुलोचना म्हणाली, "का म्हंजे? हळदीत बिनकामाचं कोण घुसतं?"

वाचकहो, ही गोष्ट पुण्यात कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं, आणि आम्ही ती सांगणंही शक्य नव्हतं, कारण ती सांगायची असते हेच आम्हाला माहीत नव्हतं. हळदीत चप्पल घालून जायचं नाही. परक्यानं कामाशिवाय पाय टाकायचा नाही. वाफा दबला तर कंद सडतो असं शेतकरी म्हणतात, ते खरंही असेल. त्यात बाईमाणसाला तर अजून दहा बंधनं. ही हळद देवाला जाते, लग्नाला जाते, म्हणून विटाळ नको. माझं घर पंचशील म्हणणारं, आम्ही विटाळ मानत नाही. पण वावर दुसऱ्याचं होतं, आणि त्याच्या मनाला लागेल असं वागायचं नाही, हेही आमच्या घरात शिकवलेलं. म्हणून मीही बांधावर, सुलोचनाही बांधावर. साऱ्या जणी बांधावर, आणि कुणी कुणाला सांगितलेलं नाही.

आता हे कळेल तर बघा. फोटोत हळद होती, पण कॉम्प्युटर फोटो बघून शिकत नव्हता. आम्ही जिथं उभ्या, तो अंगणाएवढा चौकोन तो घ्यायचा आणि वरून त्याचा रंग बघायचा. त्याला आमचे डोळे नको होते, आमचे पाय हवे होते. आणि पाय तर बांधावर. बांधावर काय असतं? गवत, बोरीची झुडपं, येरंडी. बिचाऱ्या मॉडेलनं इमानदारीनं पाठ केलं की गवत आणि झुडपं म्हणजे हळद. मग ज्या गावाला ओढा, त्याचे दोन्ही काठ त्यानं हळदीनं माखले.

मी बांधावरच बसले आणि हसू लागले. मॅडमही हसल्या. सुलोचना हसली नाही. तिनं विचारलं, "कुकर कधी ठरणार हाय?"

पंधरवड्यात ठरणार होता. आणि हळदीची पानं वाळायला लागली की रंगच बदलतो, मग शिकवून उपयोग नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही हळदीत शिरायला निघालो. पहिल्याच वावरात, म्हणजे देवरावकाकांच्याच, काका आडवे. "काल बघून गेल्या, आज घुसून राहिल्या? कंद सडला तर?"

मॅडम समजावायला लागल्या, उपग्रह, चौकोन. काका हात जोडून म्हणाले, "मॅडम, तुमचा उपग्रह वर हाय, त्याला वरूनच बघू द्या. त्याला पाय न्हाईत ही देवाची किरपा हाय."

सुलोचना पुढं झाली. "काका, तुमची सून कुकरवर हळद शिजवते, व्हय ना?"

"व्हय."

"माझी कढईवर शिजवते. पाय बघितला का तिचा? उद्या घेऊन येते तुमाला दाखवायला."

काका वाटेतून बाजूला सरले. मग म्हणाले, "चपला काढा. सरीतनं चाला, वाफ्यावर पाय न्हाई पडला पायजे. अन् पान मोडलं तर मला येऊन सांगा."

तशा आम्ही गेलो. अनवाणी, सरीतून, एकीमागं एक. हळदीच्या आत मी मजुरीनं कितीदा गेले असेन, पण काम नसताना, नुसतं मधोमध उभं राहायला, पहिल्यांदाच. पानं कानाला लागत होती. तो वास. वर आभाळाचा एवढासा तुकडा. मनात आलं, वरून बघणारा आत्ता इकडं बघत असेल, तर त्याला मी दिसणार नाही, फक्त हिरवं दिसेल. म्हणजे आता बरोबर जागी उभी आहे मी.

पुढं वावरामागून वावर केलं. देवरावकाकांनी परवानगी दिली हे कळल्यावर बाकीच्यांनी फार ताणलं नाही. नवा नकाशा वेळेत झाला. ती सुरीनं कापलेली रेघ नाहीशी झाली, सुलोचनाचा चौकोन पिवळा झाला, आणि कुकर तिच्या गावाला ठरला.

इथं थांबले असते तर गोड झालं असतं. पण ओढ्याकाठच्या गावाला कोण सांगणार? त्यांना आधीच्या नकाशावरून कुणीतरी कळवून टाकलं होतं की कुकर तुमचा. तिथल्या बचत गटाची मुक्ताबाई माझ्या ओळखीची. म्हणून मी गेले. तिनं खळ्याची जागा सारवूनसुद्धा ठेवली होती.

सगळं ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "शेवंताबाई, ते पिवळं म्हंजे ओढ्याचं गवत होतं, कबूल. पण आमची चार-दोन सऱ्या हळद हाय, तूर-कापसाच्या कडंनं, ती तर खरी हाय ना? ती कोणत्या नकाशात हाय?"

मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, अंगणाएवढ्या चौकोनातसुद्धा जे जास्त, त्याचंच नाव चौकोनाला मिळतं. कापूस जास्त असेल तर चौकोन कापसाचा. कडेच्या दोन सऱ्या दिसत नाहीत. त्यांच्या आवाजात मिठाई नव्हती. मी इतकी वर्षं ज्या चौकोनाचं कौतुक केलं, त्याची ही बाजू मला त्या दिवशी मुक्ताबाईच्या सारवलेल्या खळ्यावर उभं राहून कळली. त्याला वशिला नाही हे खरं. पण थोडं असलेल्याची दखलही नाही.

येताना सुलोचनाकडं उतरले, सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "मग मी काय करू?" म्हणाली. "आमच्याच बायांचे नंबर लागता लागता हंगाम जाईल." तेही खोटं नव्हतं. मी चहा पिऊन घरी आले. त्या रात्री मला कुणाचाच राग धरता येईना, आणि ते फार वाईट असतं.

कुकर सुरू झाला त्या सकाळी मी गेले. सुलोचनाच्या खळ्यावर बाया जमलेल्या. तिची सून लांब, सावलीत खुर्चीवर बसून ओल्या हळदीचे गड्डे मोडत होती. वाफेची शिट्टी झाली तशी सगळ्या दचकल्या आणि हसल्या.

तेवढ्यात रस्त्यावर एक छोटा टेम्पो थांबला. मुक्ताबाई आणि तिच्या गावच्या तिघी उतरल्या. मागं थोडी पोती, मूठभरच म्हणा. त्या खळ्याच्या अलीकडं, बांधावर येऊन थांबल्या. पुढंही येईनात, परतही जाईनात. खळ्यावरच्या बाया आपापल्या पोत्यांकडं बघू लागल्या. नंबर आधीच लागलेले, सगळ्यांना ठाऊक. मी सुलोचनाकडं बघितलं. तिनं हातातली पाटी खाली ठेवली, पदर कमरेला खोचला आणि कुकरच्या आवाजावर आवाज चढवून ओरडली,

"काहून तिथं उभ्या राहिल्या गं? बांधावर उभं राहून बायांनी एकदा वाटोळं करून घेतलंय. आत या!"

मुक्ताबाईनं चपला काढून बांधावर ठेवल्या आणि पहिलं पोतं उतरवायला ती टेम्पोकडं वळली.